उपाशीपोटी १०४

सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं रक्त घेते. सकाळी सातलाच उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागते. राखाडी टोपणाची नळी साखरेची. आकडा शंभराच्या पुढे गेला की सॉफ्टवेअर तो आपोआप ठळक छापतं.

गेल्या आठवड्यात एक आजी रिपोर्ट न्यायला आल्या. १०४. त्या ठळक आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "बाई, हे एवढं काळं कशापायी? मला शुगर लागली का?" डॉक्टरांना दाखवा, एवढंच मी सांगू शकते. त्यांनी कागदाची बारीक घडी केली, कनवटीला खोचली आणि बाकावर बराच वेळ बसून राहिल्या.

मधुमेहाच्या आधीची पायरी, म्हणजे 'प्रीडायबेटिस', कुठून धरायची याची अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची रेघ २००३ पर्यंत ११० ला होती. त्या वर्षी ती १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र २००६ मध्ये ११० च कायम ठेवली. म्हणजे आजींचं तेच रक्त एका रेघेनं बिघडलेलं आणि दुसरीनं चांगलं.

माझ्या वडिलांची नजर मधुमेहानं गेली, त्यामुळे साखर मी हलक्यात घेत नाही. मधुमेहाची १२६ ची रेघ मला पटते, कारण त्या सुमाराला डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याचं प्रमाण वाढताना दिसतं. जेरोम वेकफिल्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १९९२ मध्ये मानसिक विकार कशाला म्हणायचं याची कसोटी मांडली होती: आत काहीतरी बिघडलेलं हवं आणि त्यानं माणसाचं नुकसानही व्हायला हवं. ती मला इथंही लावावीशी वाटते. फक्त नुकसान म्हणजे जाणवणारा त्रास नव्हे. वडिलांना कित्येक वर्षं काहीच जाणवलं नव्हतं, डोळा आतून खराब होतच होता.

आजींच्या १०४ मध्ये तसं काही झालेलं नाही. पुढं होईल, अशी शक्यता आहे. पण अशा पुष्कळ लोकांना, त्यातही म्हाताऱ्यांना, मधुमेह कधीच होत नाही. शक्यतेलाच आजार म्हटलं की घरात चहातली साखर बंद होते, सणाच्या ताटातली पोळी उचलली जाते, आणि चांगलं हिंडतंफिरतं माणूस स्वतःला पेशंट म्हणायला लागतं. चालायला जा, वजन सांभाळा, वर्षानं परत तपासा, हे सांगायलाच हवं. त्यासाठी आजाराचं नाव कशाला लागतं?

आमच्या मॅडमना मी विचारलं, १०० ते १२५ च्या आकड्याखाली "हा मधुमेह नाही, सावध राहण्याची सूचना आहे" अशी ओळ मराठीत छापता येईल का? म्हणाल्या, त्या आजींच्या रिपोर्टची एक प्रत काढून आण, ओळ कुठं बसते बघू.