सातव्या फळीची खाच

दादांच्या दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. तेरा. प्रत्येकीवर ऑइल पेंटनं आकडा घातलेला. रात्री वह्या मिटल्या की एकेक फळी उंबऱ्याच्या खाचेत बसवून सरकवायचं काम माझं. सातवी पावसाळ्यात फुगायची. दादा गादीवरूनच ओरडायचे, “खालून बुक्की हाण रे तिला!” तेराव्या फळीला कडीकोयंडा आणि त्याला कुलूप.

लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे गोल बाजारचौकात, आमची आडत होती, शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणारं दुकान. बाहेरून आलेला माणूस गोलाईत हमखास चुकतो. फुटणारे रस्ते १६, आणि पहिल्या फेरीत सगळे सारखेच दिसतात. आम्हा पोरांना नाकानं कळायचं. गुळाच्या भेल्यांचा वास आला की उजवीकडं, मिरचीचा खकाणा लागला की जरा पुढं, कोऱ्या चामड्याचा वास म्हणजे चपलांची दुकानं. मधली गोल दुमजली इमारत १९१७ ची. तिच्या मधोमध अंबाबाईचं देऊळ. चौकाची आखणी फैयाजुद्दीन यांची. हे नाव लातुरातल्या प्रत्येक पोराला पाठ असावं असं मला वाटतं.

आजोबा त्याच लाइनीत मुनीम होते. तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. बार्शीकर आमच्या भागाला ‘मोगलाई’ म्हणायचे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला आली आणि सहा वर्षांत गोलाई उभी राहिली. हे दोन आकडे मी कायम जोडूनच सांगतो. माल हद्द ओलांडून जाणार, म्हणजे आडत्याला दोन राज्यांचा हिशेब आला पाहिजे. इथं चालायचा निजामाचा हाली शिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. आजोबा बोटांच्या पेरांवर हा हिशेब असा झटक्यात करायचे, की शेतकरी हिशेबाची पट्टी हातात घेऊन नुसता बघत राहायचा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, हद्दही गेली. आजोबांची सातास सहाची सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही. आम्हाला खाऊला पैसे देतानाही विचारायचे, “हाली का कलदार?”

गोलाई जपायची म्हटलं की लोक मधल्या इमारतीला रंग आणि रोषणाई एवढंच बोलतात. मला ते पुरत नाही. त्या गोलाचा आकार डोळ्याला दिसला पाहिजे. आज तो फक्त सकाळी सहा-साडेसहाला दिसतो, हातगाड्या यायच्या आधी. नंतर फ्लेक्स, वायरींचे झुबके आणि एकमेकांवर चढलेले बोर्ड. बोर्ड एका उंचीचे ठेवा, वरचा मजला मोकळा सोडा, भिंतीत खिळे ठोकणं थांबवा. यात खर्च तो केवढा! आणि बाजार हलवू नका. मिरची, गूळ, सोनं, चपला हे सगळं त्या रस्त्यांवर विकलं जातं म्हणून ते रस्ते ओळखू येतात. लहान दुकानदाराला भाडं झेपेनासं झालं की वास जातो, आणि मग उरतो तो नुसता ट्रॅफिकचा चौक.

दादा गेल्यावर दुकान आम्ही भाड्यानं दिलं. शटर बसलं, ते मला थांबवता आलं नाही. फळ्या सरपणात गेल्या. सातवी तेवढी मी उचलून आणली, अजून खालच्या कडेला बुक्क्यांनी गुळगुळीत झालेली आहे.

गेल्या महिन्यात भाडेकरूचा फोन आला, फरशी बदलायची म्हणून. मी लगेच गेलो. गवंडी उंबऱ्याच्या खाचेत सिमेंट भरायच्या बेतात होता. म्हटलं, मामा, एवढी खाच सोडा. त्यानं भाडेकरूकडं पाहिलं. भाडेकरू म्हणाला, “दुकानात केर अडकतो हो तिथं.” मी म्हटलं, आमच्याही अडकायचा, रोज काडीनं काढायचो. तो जरा वेळ गप्प राहिला, मग गवंड्याला म्हणाला, “राहू द्या मामा, पुढून फरशी धरा.”