सहाव्या जागेवरचं अमिनो आम्ल

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका सरकारी रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हे इथलं रोजचं काम. तरी त्या बापलेकाचा दिवस माझ्या मनातून जात नाही.

पोरगा सतरा-अठराचा. गुजरातेत ऊसतोडीला गेलं की पहाटेच्या थंडीत त्याचे हातपाय, कंबर अशी धरायची की उठवत नसे. दोन-चार दिवसांनी आपोआप बरं वाटायचं. मुकादम त्याला कामचोर म्हणायचा आणि हळूहळू बापालाही तेच पटलं होतं. माझ्यासमोरच तो पोराला म्हणाला, "आता साहेबच सांगतील तुला काही नाही म्हणून."

सिकलसेलची पहिली, साधी चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट लावली. नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात. म्हणजे पॉझिटिव्ह. तेवढं लिहून नमुना पुढच्या तपासणीला पाठवला असता तरी चाललं असतं. पण बापाने विचारलं, "रक्त गढूळ झालं म्हणजे नेमकं काय झालं?" प्रश्न अगदी रास्त होता.

मग स्लाइड केली. रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप आणि कडा व्हॅसलिनने बंद. हे रसायन रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. सुरुवातीला बहुतेक पेशी गोल होत्या. अर्ध्या तासाने पाहिलं तर लांबट, वाकड्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार. बापाने मायक्रोस्कोपवरून डोळा हलवला नाही बराच वेळ.

"दादा, तुमचंही रक्त पाहू," मी म्हणालो. त्याच्याही पेशी थोड्या वेळाने वाकल्या. तो एकदम मागे सरला. "पण मला तर कधी काही झालं नाही!"

खरंच होतं ते. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे, सुमारे 27 कोटी रेणू असतात. हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीत 146 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, ओवलेले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन बसलं की हा आजार. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाण्यापासून लपायला बघतं. ऑक्सिजन सुटला की एका रेणूचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, रेणूला रेणू चिकटत लांब तंतू बनतात आणि ते पेशीला आतून ताणतात. वाकडी झालेली कडक पेशी बारीक केशवाहिनीत अडकते, पुढचं रक्त थांबतं, आणि ते दुखणं सुरू होतं. बापात या साखळीच्या दोन जनुकांपैकी एक चांगलं होतं. चांगलं हिमोग्लोबिन मिसळलेलं असलं की अंगातल्या नेहमीच्या ऑक्सिजनला तंतू सहसा बनत नाहीत. माझ्या स्लाइडवर मात्र ऑक्सिजन जवळजवळ उरलाच नव्हता.

हे सगळं मी त्याला साध्या शब्दांत सांगितलं. पाण्याबद्दल मात्र दोनदा सांगितलं, कारण पोराच्या हातात तेवढं नक्की होतं. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलंही कमी होतं, हिमोग्लोबिन दाट होतं आणि तंतू कितीतरी झपाट्याने बनतात. थंडी, उपाशीपोटी अंगमेहनत, दिवसभर पाणी नाही. फडावर यातलं सगळंच एकदम व्हायचं. त्या पोराला कामचोर म्हणणाऱ्यांचा मला त्या दिवशी फार राग आला.

पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिसवर होतं. तो ऋण भार गेल्यामुळे हे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं. 1949 साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला हाच फरक आजही आमच्या पट्टीवर दिसतो. रिपोर्ट आला: पोरगा रुग्ण, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष; बाप वाहक, म्हणजे एकच सदोष. पुढच्या आठवड्यात बाप बायकोला आणि दोन्ही मुलींना घेऊन आला. आई वाहक, थोरली वाहक, धाकटी पूर्ण निरोगी.

डॉक्टरांनी पोराला हायड्रॉक्सीयुरिया सुरू केलं. या गोळीने गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. त्यात बीटा साखळीच नसते, त्यामुळे ते त्या तंतूंत सामील होत नाही. जन्मानंतर काही महिने ते बाळाच्या रक्तात भरपूर असतं, हे सांगत होतो तेवढ्यात आई मध्येच म्हणाली, "म्हणून तर! तान्हा होता तेव्हा ठणठणीत होता हा."