प्रकरण संपलं म्हणून पुस्तक मिटू नका

ख्रिस्ती सस्पेन्स म्हणजे गुन्ह्याच्या थराराला देवावरच्या श्रद्धेचा धागा जोडणारी कादंबरी. तिचं प्रकरण मुळी वाचकाला उठू न देण्यासाठीच तिथे तोडलेलं असतं. दाराची कडी हलते, फोनवर अनोळखी आवाज येतो आणि पान संपतं. त्यामुळे ‘एवढं प्रकरण संपवून उठते’ हा बेत घरातल्या धबडग्यात कधीच टिकत नाही. थांबायचं ते पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचून. तोवर अडकलेला प्रसंग सुटलेला तरी असतो, नाहीतर कथा दुसऱ्या पात्राकडे वळलेली असते. प्रसंग बदलताना एक ओळ मोकळी सोडलेली दिसते. बुकमार्क तिथे.

आता हिशेब. या प्रकारातली कादंबरी साधारण ९०,००० शब्दांची, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास पानं. मिनिटाला सव्वादोनशे शब्दांच्या वेगाने पावणेसात तास लागतात. रोज वीस मिनिटं मिळाली तरी तीन आठवडे. तेवढ्यात पहिल्या पन्नास पानांतला दुवा विसरला जातो आणि शेवटी गुन्हेगाराचं नाव कळल्यावर ‘हा कोण?’ अशी गत होते. म्हणून पहिली पन्नास पानं एका बैठकीत, तासभर काढून, वाचावीत. मधला भाग तुकड्यांत चालतो. शेवटच्या ऐंशी पानांसाठी मात्र घर झोपल्यावरचे पावणेदोन तास राखून ठेवा.

ख्रिस्ती सस्पेन्स बहुतांशी अमेरिकेतल्या बेथनी हाऊस, रेव्हेल, टिंडेल अशा प्रकाशनांकडून येतो. त्यातली नेहमीची मांडणी तिपेडी: संकटातली नायिका, तपास करणारा नायक आणि अधूनमधून गुन्हेगाराच्या डोक्यात शिरणारी, बहुधा तिरप्या टाइपातली पान-दीड पानं. त्यात त्याचं नाव नसतं, पण एखादी सवय, जुना राग, हातातली वस्तू असते. तुकड्यांत वाचणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं. बुकमार्क म्हणून जाड कागद घ्या. एका बाजूला पात्राचं नाव, काम आणि ते पहिल्यांदा आलं तो पान क्रमांक. दुसऱ्या बाजूला फक्त या तिरप्या पानांचे क्रमांक. शेवटच्या बैठकीआधी तेवढीच पानं परत वाचली की दहा-पंधरा मिनिटांत सूत हाती येतं.

घाईत कादंबरीतल्या प्रार्थना गाळायचा मोह होतो. गाळू नका. नायिका देवावर रुसलेली असते आणि पोलिसांना न सांगितलेली गोष्ट बरेचदा पहिल्यांदा त्याच्याशीच बोलते. दुवा तिथेच पडलेला असू शकतो. प्रार्थना केली आणि गोळी चुकली, एवढ्यावर सुटका उरकणारी कादंबरी मात्र कच्ची. आणि संवादाचं दोन पानी प्रवचन झालं, तर खुशाल भराभर पानं उलटा.

शिव्या नाहीत, शयनगृहाचं दार बंद, म्हणून ही पुस्तकं मुलांसमोर चालतील असं अनेकांना वाटतं. पण अपहरण, पाठलाग, खून हे सगळं त्यात असतं. तेव्हा ऑडिओबुक गाडीतल्या स्पीकरवर नको. घरकाम करताना एका कानात इअरफोन घालून ऐका. ऐकायला सुमारे दहा तास, सव्वापट वेगाने आठ. त्याहून वेग वाढवला की एकाच निवेदकाने वाचलेल्या दोन पुरुषांचे आवाज एकमेकांत मिसळतात.

मालिका असेल तर क्रमानेच. पहिल्या भागातली जोडी दुसऱ्यात लग्न होऊन पाहुणी म्हणून येते, म्हणजे कोण जिवंत राहिलं ते फुकटात कळतं.

ई-बुकमध्ये टक्क्यांवर भरवसा ठेवून रात्रीचा अंदाज बांधू नका. शेवटी पुढच्या भागाचं पहिलं प्रकरण आणि चर्चेचे प्रश्न जोडलेले असतात, त्यामुळे कथा बऱ्याचदा नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांवरच आटोपते. ते प्रश्न आधी चाळू नका. त्यातल्या एखाद्यात गुन्हेगाराचं नाव सरळ छापलेलं असतं.