शेवटच्या नंबरची टीम माझ्या घरामागंच होती

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा तुलसाला होतो, अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात. एमएस करून ओपीटीवर (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी) एका छोट्याशा स्पोर्ट्स डेस्कवर चिकटलो होतो. काम खरं तर आकड्यांचं, टेबलं बनवायची, स्कोअर चेक करायचे, पण डेस्कवर माणसं इतकी कमी की हळूहळू लिहायचं कामही गळ्यात पडलं. मी कोल्हापूरचा, क्रिकेट आणि फुटबॉल बघत वाढलेला, बेसबॉल मला स्टिलवॉटरला शिकायला आल्यावर कळला. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटी तिथलीच. दोन वर्षं नारंगी टीशर्ट घालून ओब्रेट स्टेडियमच्या स्वस्तातल्या जागेवर बसून शेंगदाणे खाल्लेत, त्यामुळं ती टीम माझी, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

२९ मे, सोमवार. मेमोरियल डे म्हणून सगळ्या राज्याला सुट्टी आणि आम्ही चौघं ऑफिसात. सकाळी अकराला टीव्हीवर सिलेक्शन शो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. कॉलेज बेसबॉलच्या सीझनअखेर देशभरातून ६४ टीम निवडतात, त्यांचे १६ गट, प्रत्येक गटात चार टीम, आणि चौघी एकाच मैदानावर शुक्रवारपासून खेळतात, दोनदा हरलात की बॅग भरा. याला रीजनल म्हणतात. गटात एक ते चार असे नंबर असतात आणि बहुतेक वेळा एक नंबरवाल्याच्या घरच्या मैदानावर सगळं होतं. तिथून जिंकलेल्या १६ टीम सुपर रीजनलला, तिथून आठ ओमाहाला, कॉलेज वर्ल्ड सिरीजला. ओमाहा म्हणजे पंढरपूर समजा, सगळा सीझन त्या वारीसाठी.

स्टिलवॉटरचा गट पडद्यावर आला. एक नंबर ओक्लाहोमा स्टेट, देशात अकरावं मानांकन. दोन नंबर डॅलस बॅप्टिस्ट. तीन नंबर वॉशिंग्टन, म्हणजे सिॲटलवाले. आणि चार नंबर ओरल रॉबर्ट्स. शेवटचं नाव आल्यावर आमचा एडिटर, साठीचा माणूस, खुर्चीत नुसता हसला. मला वाटलं गंमत वाटली असेल, कारण ओरल रॉबर्ट्स म्हणजे आमच्या तुलसातलीच युनिव्हर्सिटी, सव्वा तासाच्या ड्राइव्हवर पाठवली. तशीही टीम निवडणारी कमिटी शक्य असेल तिथं टीमना बसनं जाता येईल असंच बसवते, विमानाचा खर्च वाचतो. मला काम मिळालं, चारी टीमचा प्रिव्ह्यू, संध्याकाळी पाचपर्यंत.

मी सुटलोच. ओक्लाहोमा स्टेटवर बोटं अशी चालली की थांबेनात. १९५९ चं अजिंक्यपद, १९८१ ते ८७ सलग सात वर्षं ओमाहा, रॉबिन वेंचुराची १९८७ मधली सलग ५८ मॅचमध्ये हिटची (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचण्याची) मालिका, कोच जॉश हॉलिडे ज्याचे वडीलही याच टीमचे कोच होते, त्या वर्षी बिग ट्वेल्व्ह या त्यांच्या लीगच्या विजेतेपदात टेक्सास आणि वेस्ट व्हर्जिनियासोबत वाटा, नोलन मॅक्लेन जो तेव्हा बॅटिंगही करायचा आणि पिचिंगही, म्हणजे बॉलही टाकायचा. आदल्या वर्षी याच मैदानावर मिसुरी स्टेटविरुद्ध ०-१२ नं मागं पडून २९-१५ नं जिंकलेली मॅच, ती मी स्टँडमध्ये बसून बघितली होती, तिच्यावरच एक अख्खा पॅरा. आदल्या वर्षी त्याच रीजनलमध्ये शेवटी आर्कान्सानं आमचा काटा काढला होता, ते मात्र एका वाक्यात उरकलं. सातशे शब्द झाले कधी ते कळलंच नाही.

डॅलस बॅप्टिस्टचं प्रकरण मला मनापासून आवडतं. छोटं कॉलेज, बाकी सगळे खेळ दुसऱ्या दर्जाच्या डिव्हिजनमध्ये आणि एकटा बेसबॉल पहिल्या दर्जाच्या. डॅन हीफनर कोच, २०१४ पासून जेवढ्या वेळा स्पर्धा झाली तेवढ्या वेळा हे आत. यांच्यावर साडेचारशे शब्द. वॉशिंग्टनला जेसन केलीचं कोच म्हणून पहिलंच वर्ष, २०१८ ला ओमाहाला जाऊन आलेले, बाकी आपल्याला विशेष काही माहीत नाही, तरी रेटून तीनशे.

मग ओरल रॉबर्ट्स. साडेबारा वाजले होते, भूक लागलेली. मी लिहिलं की समिट लीगचे चॅम्पियन, ४६ विजय ११ पराभव, पण लीग दुबळी, रँकिंग त्या मानानं मागं, एक मॅच जिंकली तरी भरून पावले. साधारण नव्वद शब्द. नव्वदच, कारण नंतर मोजावे लागले.

आता हे मी आळसानं लिहिलं असं नाही, माझ्याकडं आकड्यांचा आधार होता. तिकडं आरपीआय नावाचा एक हिशेब चालतो, त्यात तुमच्या स्वतःच्या जिंकण्याला फक्त पाव भाग वजन, निम्मं वजन तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जिंकण्या-हरण्याला, उरलेला पाव त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना. समिट लीगमध्ये कोण, तर नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मिनेसोटा, जिथं मार्चमध्येही मैदानावर बर्फ असतो असल्या भागातल्या टीम. ओरल रॉबर्ट्स त्यांच्याशी २३-१ खेळले, पण शेजारी गरीब असला की तुम्हीही कागदावर गरीब दिसता. मी स्टॅटिस्टिक्सचा माणूस, मला हा हिशेब पाठ होता. त्यात काय दिसतं ते सगळं मला माहीत होतं, काय दिसत नाही तिकडं बघितलं नाही.

जेवताना बाबांचा व्हिडिओ कॉल. कोल्हापुरात रात्रीचे अकरा-साडेअकरा, त्यांचं जेवण उरकून शतपावली चाललेली. त्यांना बेसबॉलमधलं काही कळत नाही पण मी काय लिहितो ते विचारतात. मी चार टीमची नावं सांगितली, म्हटलं चौथी इथलीच आहे, आपल्या अपार्टमेंटच्या मागं, गाडीनं पाच मिनिटं. बाबा चालायचे थांबले. म्हणाले, "म्हंजे तुमच्या पेठंतली टीम हाय, आनि तू लिवतोयस दुसऱ्या गावाचं? बघून तरी आलायस का एक मॅच?" मी म्हटलं नाही. "मग रं?" एवढंच. शाहू स्टेडियमवर ज्यानं आयुष्य काढलंय, पाटाकडील आणि दिलबहारच्या मॅचला ऑफिसात हाफ डे टाकलाय, त्या माणसाला रँकिंग काय सांगणार. तिथं कागदावरची टीम आणि मैदानावरची टीम यात केवढा फरक असतो हे मीही लहानपणापासून बघितलेलं. पण तो फुटबॉल, हे वेगळं, असं स्वतःला समजावलं आणि सँडविच संपवलं.

चार वाजता एडिटरला कॉपी दिली. त्यानं नारंगी सातशे शब्द शांतपणे वाचले. मग शेवटच्या नव्वदवर बोट ठेवलं आणि तीन प्रश्न विचारले. यांनी सलग किती मॅच जिंकल्यात? मी टेबल उघडलं, १८. यांच्यातला एक पोरगा रोज हिट मारतोय, किती दिवस? जोना कॉक्स, मालिका चालूच होती, तिचा आकडा बघून मीच चमकलो, पुढं जाऊन ती ४७ वर थांबली, म्हणजे ज्या वेंचुरावर मी वरती पॅरा पाडला होता त्याच्या यादीतच हा पोरगा चढत होता आणि माझ्या नव्वद शब्दांत त्याचं नाव नव्हतं. तिसरा प्रश्न, नऊपैकी सातव्या इनिंगला यांना लीड असेल तर पुढं बॉल कोण टाकणार? मी गप्प.

मग त्यानं मला जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. तो म्हणाला, रीजनलचा प्रिव्ह्यू लिहिताना टीम मोजू नकोस, हात मोज. तीन-चार दिवसांत चार-पाच मॅच होऊ शकतात, आणि पिचर काही आपल्या स्पिनरसारखा नसतो, की सकाळी वीस ओव्हर टाकून संध्याकाळी पुन्हा आला. त्यानं शंभर बॉल टाकले की पुढचे चार-पाच दिवस तो गेलाच. (स्पिनरचं उदाहरण माझं, त्याला क्रिकेट घंटा माहीत नव्हतं.) म्हणून पहिली मॅच कोण जिंकतो यावर अर्धं गणित ठरतं, हरलेल्याला जास्त मॅच खेळाव्या लागतात, आणि त्या जादाच्या मॅचला हात कुठून आणणार. आणि ज्याच्याकडं शेवटच्या दोन-तीन इनिंग एकट्यानं बंद करणारा माणूस आहे तो चार नंबरवर असला तरी चार नंबरचा नसतो. ओरल रॉबर्ट्सकडं तो माणूस होता, केड डेंटन. एडिटरला हे माहीत होतं कारण तो त्यांच्या मैदानावर जाऊन बसायचा, दुसरं काही नाही. वर त्यानं हेही ऐकवलं की दोन वर्षांपूर्वी याच कॉलेजच्या बास्केटबॉल टीमनं पंधराव्या मानांकनावरून ओहायो स्टेट आणि फ्लोरिडाला घरी पाठवलं होतं, तेव्हा तू काय लिहिलं असतंस?

बदलू का, असं मी विचारलं. तो म्हणाला नाव तुझं आहे, तू ठरव. आणि खरं सांगतो, मी बदललं नाही. कॉक्सचं आणि डेंटनचं एकेक वाक्य घातलं, नव्वदचे एकशेवीस झाले, पण खाली भाकीत तेच ठेवलं की ओक्लाहोमा स्टेट आरामात. पाच वाजत आले होते हे एक कारण. दुसरं कारण नारंगी.

शुक्रवारी, २ जूनला, मी डेस्कवर स्कोअर भरत होतो. ओरल रॉबर्ट्स ६, ओक्लाहोमा स्टेट ४. ऑफिसात कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. पुढच्या मॅचलाही आमची टीम हरली आणि घरच्या मैदानावरून एकही मॅच न जिंकता बाहेर. ओरल रॉबर्ट्सनं वॉशिंग्टनला १५-१२ हरवलं, मग फायनलला डॅलस बॅप्टिस्टला ६-५. तीनपैकी तीन. ज्या एका मॅचला मी "भरून पावले" म्हटलं होतं तशा तीन.

सोमवारी ऑफिसला गेलो तर फ्रीजवर माझे मूळचे नव्वद शब्द प्रिंट काढून मॅग्नेटनं लावलेले, कुणीतरी पेननं शब्द मोजून खाली ९० लिहिलेलं. एडिटरनं लावले की दुसऱ्या कुणी, विचारायची सोय नव्हती. दूध घ्यायला गेलं की वाचायला लागायचं. ते ओमाहापर्यंत तसंच राहिलं, कारण ही टीम थांबेना. ऑरेगनमध्ये युजीनला सुपर रीजनलची पहिली मॅच ८-० नं पुढं असताना ९-८ नं घालवली, मला वाटलं झालं आता, आणि पुढच्या दोन्ही मॅच जिंकून ओमाहाला गेली. चार नंबरवरून तिथं पोचलेल्या त्याआधी दोनच टीम, २००८ ला फ्रेस्नो स्टेट आणि २०१२ ला स्टोनी ब्रूक. १६ जूनला ओमाहात टीसीयूविरुद्ध (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) शेवटच्या इनिंगला मागं होते, ब्लेझ ब्रदर्स नावाच्या पोरानं तीन रनचा होमरन हाणला आणि ६-५. मी घरी एकटाच ओरडलो. बाबांना मेसेज टाकला, त्यांचा रिप्लाय आला, "पेठ जित्ली."

पण मला सांगायचाय तो दिवस त्याच्या आधीचा, फ्रीजवर कागद लागला तोच सोमवार. एडिटरनं टेबलावर युजीनचं शेड्यूल टाकलं, म्हणाला ओरल रॉबर्ट्सवर बाराशे शब्द, आणि टेबल बघून नको. म्हणून दुपारी गाडी काढली. साउथ लुईस ॲव्हेन्यूवर त्या युनिव्हर्सिटीच्या दारात जोडलेल्या हातांचा साठ फुटी ब्राँझचा पुतळा आहे, मी रोज किराणा आणायला त्याच्यासमोरून जायचो, आत कधी वळलो नव्हतो. वळलो. मैदान छोटं, ऊन भयानक, गवताला पाणी मारणारा एक माणूस सोडून कुणी नव्हतं. मी त्याला विचारलं आत येऊ का, पेपरसाठी लिहायचंय. त्यानं पाइप खाली ठेवला आणि विचारलं, लांबून आलायस का?

म्हटलं नाही, इथूनच. पाच मिनिटांवरून.