आय-फाईव्ह हाय, पण कितव्या सालचा?

१० फेब्रुवारी २०२६, मंगळवार

तुरीचे पैसे आले. त्यातले वीस हजार माझे, हे घरात आधीच ठरलं होतं, आणि ते कुठं जाणार हेही: समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. सध्याचं मशीन सुरू केलं की चहा उकळून, गाळून, पिऊन होतो तरी समोरचं चाक फिरतच असतं. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. त्या विंडोज १० चे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केले. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण तीही या ऑक्टोबरात सरते. गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे ज्या मशीनवरून जातात, ते असं उधारीवर चालवायला मन घेत नाही.

तालुक्याला गेले होते. दुकानदाराने नवा कोरा डबा दाखवला. आत रंगीत दिवे, बाजूला काच. "आय-फाईव्ह हाय ताई, एक वर्षाची वॉरंटी, चौदा हजार." आय-फाईव्ह म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, मशीनच्या मेंदूचं नाव. मी म्हटलं, आय-फाईव्ह ठीक, पुढचा आकडा सांगा. त्याने आधी ऐकलं नाहीसं केलं. मग स्क्रीनवर उघडून दाखवलं: आय५-२४००. म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. ज्यावर प्रोसेसर बसतो तो बोर्ड खरंच नवा होता, पण त्याचा चिपसेट एच६१, तोही त्याच काळातला नमुना. त्यात मुळात यूएसबी ३, म्हणजे वेगवान यूएसबी, नाही. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला प्रोसेसर नव्या बोर्डावर बसवायचा, त्याला नवं कॅबिनेट चढवायचं, आणि खोक्याला सील मारायचं. विंडोज ११ "टाकून देतो" म्हणाला. ते टाकता येतं, मला ठाऊक आहे, पण मायक्रोसॉफ्टची अट इंटेलच्या आठव्या पिढीपासूनची आणि टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आहे. पळवाटेने बसवलेलं पुढच्या मोठ्या अपडेटला कुठं अडेल, सांगता येत नाही. लायसन्सचं विचारलं तर हसला.

रात्री मामाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "बैलाची झूल पाहून कोणी बैल घेते का? दात पाहावं." प्रोसेसरचा आकडा म्हणजे दातच. डॅशच्या पुढचा पहिला आकडा पिढी सांगतो: २४०० दुसरी, ६५०० सहावी, ८५०० आठवी. पाच आकडे असले तर पहिले दोन, म्हणजे १०४०० दहावी. आय३, आय५, आय७ हे त्यानंतरचं. २०१७ च्या आय३-८१०० मध्ये ४ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे ४ भाग आहेत, त्या २०११ च्या आय५ मध्येही चारच. तरी आमच्याकडे सगळे 'आय-फाईव्ह पाहिजे' एवढंच म्हणतात, आणि दुकानदाराचं त्यावरच भागतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

पुतण्याचा नागपूरवरून फोन. "काकू, जुनं काहून घेऊन राहिली तू? नवा मिनी पीसी घे, एन१०० वाला." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. २०२३ मध्ये आलेली इंटेलची ही चिप ४ कोअरची, कागदावर फक्त ६ वॅटची. वेगात ती साधारण २०१५ च्या आय५-६५०० च्या आसपास भरते, म्हणजे तालुक्याच्या त्या काचेच्या डब्याच्या पुढेच. विंडोज ११ रीतसर चालतं. आणि बहुतेकांचं अडॅप्टर १२ व्होल्टचं. ते जळलं तर त्याच व्होल्टचं, तेवढ्या अँपिअरचं अडॅप्टर सीसीटीव्ही लावणाऱ्या पोराकडेही भेटतं.

माझ्यासाठी यातली खरी गोष्ट विजेची आहे. बिलाची नाही. सरासरी ३० वॅटचा फरक धरला आणि दिवसाचे दहा तास, तरी महिन्याला ९ युनिटं होतात, त्यावर कोणी रडत नाही. प्रश्न यूपीएसचा आहे. माझा ६०० व्हीएचा, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी. तिच्यात सगळं मिळून ८४ वॅट-तास, आणि हाती येतात त्याच्या निम्म्याला जेमतेम. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली, मग लाईन गुल. शेतकऱ्याचा ओटीपी आलेला, साइट गोल गोल फिरत असलेली, आणि यूपीएस कोकलतोय. जुनं मशीन आणि मॉनिटर मिळून शंभर वॅटच्या आसपास ओढत असतील तर पंधरा-वीस मिनिटं मिळणंही नशीब. मिनी पीसी तेवढ्यात तासभर खेचेल.

तरी तो घेत नाही. प्रिंटर, स्कॅनर, बोटांच्या ठशांचं मशीन, कॅमेरा, कीबोर्ड, माऊस, एवढं सगळं त्या वहीएवढ्या डबीला लावायचं म्हणजे एका यूएसबीच्या चार करणारा हब आला. ठशांच्या मशीनची हबवर नाटकं असतात, ती मी भोगली आहेत. रॅमची जागा बहुतेकांत एकच. आणि बोर्डच गेला तर इथं कोणी उघडत नाही, कुरिअर करा आणि वाट पाहा. सीईटीचे फॉर्म सुरू असताना वाट पाहायची म्हणजे पोरं दुसऱ्या गावी जाणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा पर्याय नागपूरच्या बर्डीतला. कंपन्यांनी भाड्याने घेऊन परत केलेली ऑफिसची मशीनं. आय५-८५००, आठवी पिढी, २०१८, ६ कोअर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), साडेपंधरा हजार, मॉनिटर नाही. वापरलेलं आहे, काळं खरबडलेलं आहे, आणि तरी या तिघांत मला हेच तरुण वाटतं. विंडोज प्रोची चावी अशा मशीनच्या बायोसमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्येच असते, त्यामुळे लायसन्सही सोबत येतं. साध्या कामात वीज त्या २०११ वाल्यापेक्षा बरीच कमी घेतं. यूपीएसवर अर्धा तास निघाला तरी फॉर्म सबमिट होतो.

दुरुस्तीवाल्या भाऊंना विचारलं तर त्यांनी बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं: एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा. "कंपनीच्या डब्याचा एसएमपीएस जळला न ताई, तर आपल्या इथं त्याचा जोडीदार भेटत नाही जी." खरं आहे. नेहमीच्या असेंबल मशीनला २४ पिनांचं कनेक्टर लागतं, या ब्रँडेड मशीनांत त्यांचं स्वतःचंच काहीतरी. मापही वेगळं. आमच्याकडच्या व्होल्टेजला पहिला बळी एसएमपीएसचाच जातो.

म्हणून दुपारी बर्डीतल्या त्या माणसाला फोन लावला: त्याच मॉडेलचा एक जास्तीचा एसएमपीएस सोबत देता का? नऊशे म्हणाला, सातशेवर आला. माझा मॉनिटर जुन्या व्हीजीएचा, त्यासाठी डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारी पिन लागेल, ती चारशेला. उरलेल्यातून आणखी ८ जीबी रॅम घ्यायचा विचार होता. पण एआयच्या डेटा सेंटरांमुळे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव आकाशाला भिडलेत. तुरीला भाव नाही, रॅमला आहे. ८ जीबीवरच भागवू, दुसरी जागा रिकामी राहील. उरलेले पैसे स्टॅबिलायझरला.

सोमवारी पुलगावहून सकाळच्या गाडीने जायचं, पुतण्या स्टेशनवर येतो म्हणाला. पेनड्राइव्हमध्ये सीपीयू-झेड (प्रोसेसर ओळखायला) आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत पाहायला) टाकून ठेवलंय. पैसे द्यायच्या आधी प्रोसेसरचा आकडा, टीपीएम सुरू आहे का, आणि एसएसडी किती तास चाललीय, एवढं तिथंच उघडून पाहणार. एसएसडीची तब्येत ८० टक्क्यांच्या खाली दिसली तर दुसरी लावून द्या, नाहीतर हजार कमी करा. टायपिंगच्या सरावाला येणाऱ्या पोरींना सोमवारची सुट्टी सांगून ठेवली.