आमची वाटचाल : स्टेपनी कॅरिअरचं काम

हातखंब्याजवळ पिकअपची जी स्टेपनी रस्त्यावर पडली, तिचा कॅरिअर, म्हणजे गाडीखाली स्टेपनी धरून ठेवणारा सांगाडा, आमच्या गॅरेजात केलेला नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण रत्नागिरीत चहाच्या टपरीवर अजून कुणीतरी तो विषय काढतंच. ती गाडी आमच्याकडे आली होती ती पाट्यांच्या, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगांच्या, कामाला. कॅरिअर केला होता समोरच्याने.

समोरचा म्हणजे आमच्यासमोरच शटर उघडून बसलेला. त्याची पद्धत सोपी: गंजावर वरून काळं रबर कोटिंग मारायचं आणि गाडी नवी दिसली की पैसे घ्यायचे. कोटिंगच्या आत ओल अडकते आणि गंज निवांत खात राहतो. पण गिऱ्हाईक वाकून बघत नाही. आम्ही ग्राइंडर मारून पत्रा पांढरा होईपर्यंत घासत बसायचो, तेवढ्यात त्याच्या तीन गाड्या बाहेर पडायच्या. वर ‘ते जोडाजोडी करतात’ ही आमची ख्याती. त्यात ही स्टेपनी पडली, बोल आम्हाला लागला आणि आमचा रॅम्प रिकामा. वेल्डिंगच्या मशीनचा हप्ता थकला, पोरं दुसरीकडे गेली.

तेव्हा उभे राहिले ते मिरकरवाड्याचे भाई. त्यांच्या गाड्या आंबा घाटातून कोल्हापूरला मासळी नेतात. बर्फाचं खारं पाणी रात्रभर मागे गळतं, ते थेट स्टेपनीच्या साखळीवर, विंचवर (स्टेपनी वर-खाली करायची चरखी) आणि ब्रॅकेटवर. अशी गाडी टिकवणं म्हणजे आमची परीक्षाच. भाईंनी पडलेल्या गाडीच्या मालकाला तुटक्या ब्रॅकेटसकट आमच्याकडे आणलं आणि चार ड्रायव्हरांसमोर म्हणाले, “मिस्त्री, खरवडून दाखवा.” खरवडला. वर काळं रबर, खाली सुटणारे पापुद्रे, गंज रोखणाऱ्या लाल अस्तराचा, रेड ऑक्साइडचा, ठिपकासुद्धा नाही. आमच्या कामात रेड ऑक्साइड नाही असं होतच नाही. त्या मालकाच्या गाड्या आज आमच्याकडेच येतात. नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

काम कसं करतो तेही लिहितो, समोरच्याने वाचलं तरी हरकत नाही. आधी बॅटरीची वायर काढायची. स्टेपनी खाली घेऊन लांब ठेवायची. गंजून अडकून बसली असेल तर गॅस पेटवण्याआधी तिची हवा सोडायची, तापलेला टायर फुटतो. मग छोट्या हातोडीने पत्रा वाजवत जायचं. खणखणीत आवाज येईल तिथपर्यंत कापायचं, बद्द वाजेल तिथे वेल्डिंग धरत नाही. नवी पट्टी तेवढ्याच जाडीची, पाणी उतरायला भोक ठेवून. लाल होईपर्यंत तापवलेला हाय-टेन्साइल (जास्त ताकदीचा) बोल्ट भंगारात, तापला की त्याची ताकद जाते. तो परत लावणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही. विंचची वायररोप वरून चांगली दिसली तरी हातमोजा घालून वाकवून बघायची, आत कुजलेली असेल तर तारा कडकड तुटतात. ती बदलायचीच, तिथे आम्हीही जोडाजोडी करत नाही.

इनोव्हा, स्कॉर्पिओवाल्यांनो, तुमचीही स्टेपनी खालीच आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा उतरवा, विंचला ग्रीस द्या. उतरवलीच आहे तर हवाही बघा, निम्म्यांत नसते.