तुम्ही विचारलंत म्हणून: लाळ्यावर सुई काहून चालत नाही?

यवतमाळकडच्या गावांत लाळ्या-खुरकुताची साथ आली की मला हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, सुई दिली, तरी लाळ काहून नाही थांबून राहिली?"

कोठ्यात बैल तोंडाची मचमच करत उभा असतो, लाळेची तार जमिनीला टेकलेली. जीभ धरावी तर वरचं कातडं सोलून हातात येतं आणि खाली लालभडक मांस दिसतं. पेरणी तोंडावर आलेली असते. अशा माणसाला "यावर औषध नाही" एवढंच सांगून निघून येणं मला जमत नाही.

माझ्या बॅगेतलं ऑक्सिटेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालतं, कारण जिवाणूकडे प्रथिनं बनवायचं स्वतःचं यंत्र असतं: रायबोसोम. औषध त्यालाच जाऊन चिकटतं आणि काम बंद पाडतं. बैलाच्या पेशीतला रायबोसोम वेगळ्या घडणीचा, म्हणून त्याला धक्का लागत नाही. लाळ्याच्या विषाणूकडे मात्र रायबोसोमच नाही. त्याच्याकडे असतो सुमारे ८,४०० अक्षरांचा आरएनए, म्हणजे त्याची प्रथिनं कशी बनवायची ते लिहिलेला रेणू, आणि त्यावर प्रथिनांचं कवच. बाकी सगळं तो बैलाचंच वापरतो. मग औषधानं चिकटायचं तरी कशाला? सुई देतो ती जखमेत नंतर शिरणाऱ्या जिवाणूंसाठी.

आत गेल्यावर तो जे करतो, ते मला फार विलक्षण वाटतं. पेशीचे स्वतःचे संदेश, म्हणजे एम-आरएनए, यांच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. त्या टोपीपाशी रायबोसोमला आणून जोडणारं एक मोठं प्रथिन आहे, ईआयएफ-४जी. दोन बैलांना जोडणाऱ्या जुवासारखंच. विषाणू सुरुवातीलाच एक विकर (एन्झाइम) तयार करतो आणि ते विकर या प्रथिनाचे दोन तुकडे करतं. टोपीकडचा भाग सुटतो आणि पेशीच्या बहुतेक संदेशांचं वाचन काही तासांत थंडावतं. विषाणूच्या आरएनएला टोपी नसतेच. त्याच्यावरच्या एका घडीदार भागाला तो उरलेला तुकडा पुरतो, रायबोसोम थेट तिथं बसतो आणि विषाणूचीच प्रथिनं बनत राहतात. पोलिओचा विषाणूही याच कुळातला. तोही हेच प्रथिन तोडतो.

यात पेशीचं सर्वांत मोठं नुकसान इंटरफेरॉनचं होतं. शेजारच्या पेशींना सावध करणारं हे प्रथिन पुरेसं बनतच नाही, आणि विषाणूला पसरायला मोकळं रान मिळतं. प्रयोगशाळेत ते विकर काढून टाकलेला विषाणू गाईंना दिला, तेव्हा आजार जेमतेमच झाला. एका विकरावर एवढं अवलंबून आहे, हे वाचल्यापासून मी त्या सोललेल्या जिभेकडे वेगळ्याच नजरेनं पाहतो.

तेव्हा करायचं काय? लागण झालेलं जनावर वेगळं बांधा, लाल औषधाच्या फिकट पाण्यानं तोंड-खूर धुवा, जिभेला बोरोग्लिसरीन लावा, मऊ चारा द्या. मोठं जनावर बहुधा सावरतं. वासराचं तसं नाही. विषाणू त्याच्या हृदयाच्या स्नायूत शिरतो आणि ते उभ्याउभ्या कोसळतं.

लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं विषाणूला पेशीबाहेरच धरतात, म्हणून लस आधीच टोचलेली हवी. आपल्याकडे ओ, ए आणि आशिया-१ असे तीन प्रकार आहेत, एकाची लस दुसऱ्याला पुरत नाही, म्हणून तिन्ही एकाच मात्रेत असतात. दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. दूध कमी होईल म्हणून गाय घरी लपवू नका. दोन-चार दिवस कमी होतं, मग पूर्ववत येतं.